विचारलंय म्हणून सांग

कुवेतला शुक्रवार सुट्टीचा, आणि आमच्या घरात शुक्रवार म्हणजे फोन. सकाळी दहाला मी खैतानच्या आमच्या दोन खोल्यांत स्टूल ओढून बसायचे आणि गावचा नंबर फिरवायचे. सात-आठ वेळा एंगेज लागला की नवऱ्यावर चिडायचे. त्या बिचाऱ्याचा काय संबंध? तो रिफायनरीत इंजिनियर, आठवड्यातून एकदा उशिरापर्यंत झोपायला मिळायचं, आणि नेमकी त्याच दिवशी मी फोनवर बोंबलत असायचे. गाव लांब आहे म्हणजे ओरडूनच बोलायला हवं, अशी माझी ठाम समजूत होती.

गावाला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असायचे. गाव रत्नागिरीकडचं, घर उतरत्या कौलांचं, ओटीवर फोन. आई फोनपाशी बसलेली आणि तिच्या शेजारी माझा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. शुक्रवार त्याला कसा कळायचा देव जाणे, पण आईसाठी फोनपाशी पाट मांडून ठेवायचा तोच.

आई आणि मी दहा-पंधरा मिनिटं बोलायचो. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस व्याली, फणस किती धरले, माझ्या लेकीला दात आले का. आणि शेवटी, लाइन कट व्हायच्या भीतीनं घाईघाईत, माझं ठरलेलं वाक्य: "आणि त्याला विचारलंय म्हणून सांग गं!"

अकरा वर्षं मी हे वाक्य बोलले. आपल्यात सगळेच बोलतात. पत्राच्या शेवटी लिहितात, एसटीच्या खिडकीतून ओरडून सांगतात. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भाऊ असा, म्हणून मी पुण्याला जाऊन कर्णबधिर मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलं होतं. तेव्हाची पद्धत अशी, की मुलांनी हातवारे करायचे नाहीत. हात खाली, ओठांकडे बघा, बोला. हातवाऱ्यांची सवय लागली तर मूल बोलणार नाही, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मला ते वेदवाक्य वाटत होतं. सुट्टीत घरी आले की मी भावाला समोर बसवायचे, त्याचे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांत दाबून धरायचे आणि म्हणायचे, म्हण, "ताई". तो घामाघूम व्हायचा. त्याच्या तोंडून "आ… ई" असं काहीतरी यायचं आणि मला वाटायचं, जिंकले!

लहानपणी आमच्या घरची म्हणून एक हातांची बोली होती. कानांपासून दोन्ही मुठी खाली ओढल्या की मी, कारण माझ्या दोन वेण्या. डोळ्यांवर गोल बोटं म्हणजे चष्मेवाला दादा. कानावर आडवा तळवा म्हणजे ऐकू न येणारा, म्हणजे तो स्वतः. तीस-चाळीस खुणा असतील. त्यातल्या निम्म्या मी माझ्या पदविकेच्या दोन वर्षांत मोडीत काढल्या. पुढे लग्न झालं आणि मी इकडे आले.

कुवेतमध्ये माझ्या त्या शिक्षणाला कुणी विचारत नव्हतं. रिग्गईला एका धर्मादाय संस्थेच्या कचेरीत मी टायपिंगला लागले. ती संस्था आफ्रिकेतल्या अपंगांसाठीच्या कामांना मदत पाठवायची. तिकडून येणारे अहवाल टाइप करता करता मी ते वाचायला लागले, मग त्यांत चुका काढायला लागले. आमचे साहेब म्हणजे लेबनॉनचे एक शांत गृहस्थ. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, इथे बसून भांडण्यापेक्षा जाऊन बघून या." टांझानियाच्या दक्षिणेकडे अपंगांच्या हक्कांचं एक काम चार वर्षं चाललं होतं. ते ठीक झालं की नाही, हे तपासून यायचं होतं.

जायच्या आदल्या शुक्रवारी मुंबईहून दादाचा फोन आला. आईचे गुडघे गेलेत, तिला मी डोंबिवलीला आणतोय, गावचं घर बंद करावं लागणार. धाकट्यासाठी पुण्याजवळ एक वसतिगृह बघितलंय, कर्णबधिर माणसांचंच आहे, शिवणकाम, सुतारकाम शिकवतात. गणपती झाले की नेऊन सोडायचं.

मी म्हटलं, "अरे, पण त्याला विचारलंस का?"

"विचारलंय की! हो म्हणालाय."

"बरं," मी म्हटलं. बॅगेत काय काय घालायचं याच्या यादीत माझं अर्धं लक्ष होतं. बरं, म्हटलं आणि फोन ठेवला!

कुवेतच्या ऑगस्टमधून निघाले आणि टांझानियातल्या त्या गावात जीपमधून उतरले, तर पहिल्यांदा मी रडलेच. लाल माती, माड, आणि जिकडे तिकडे काजू, तोसुद्धा मोहोरलेला. आमच्याकडे काजू मोहोरतो तो थंडीत. इथे ऑगस्टात मोहोरलेला बघून माझं डोकंच फिरलं. तो गोडसर, जरा उग्र वास नाकात गेला आणि मला घर इतकं हवंसं झालं की मी जीपच्या चाकाशी खालीच बसले. सोबतीला दिलेली दुभाषी घाबरली. स्वाहिली, इंग्रजी आणि तिकडची खुणांची भाषा अशा तिन्ही बोलणारी ती शाळामास्तरीण. तिला वाटलं, बाईंना गाडी लागली.

माझ्याजवळ फॉर्म होते, प्रत्येक घरामागे एक. त्यात एक रकाना होता: 'अपंग व्यक्तीला स्वतः विचारले का?' सगळ्या फॉर्मांवर तिथे 'होय'. मी घराघरांत गेले. एका घरात चाकांची खुर्ची प्लास्टिकसकट भिंतीला टेकवलेली होती; बाहेर घोट्याएवढी वाळू, त्यात ती चालणार कशी? कुणाला हवी होती ही खुर्ची, असं विचारलं की घरचे म्हणायचे, तिला हवी होती. आणि 'ती' कोपऱ्यातून नुसती बघत असायची. तिला विचारलं की उत्तर काका द्यायचा, दीर द्यायचा, शेजारीसुद्धा द्यायचा.

माझा पारा तिसऱ्या दिवशी चढला. ऐकू न येणारी एक शिंपीण होती, माझ्याच वयाची. व्हरांड्यात मशीन, अंगावर पिवळं छापील कापड. मी प्रश्न तिला विचारत होते आणि उत्तरं तिचा काका देत होता. ती सुखी आहे. तिला काही नको. मी त्या म्हाताऱ्याला चांगलंच झापलं. म्हटलं, "तुम्ही कोण तिच्या वतीनं हो म्हणणारे? तिला विचारलंत कधी?" दुभाषीनं ते बरंच सौम्य करून सांगितलं असणार, कारण म्हातारा हसून उठला आणि आम्हाला नारळपाणी आणायला गेला.

मग आम्ही तिघीच उरलो. दुभाषीचे हात सुरू झाले, शिंपिणीचे हात सुरू झाले, आणि मी नुसती बघत राहिले. हो, हात खाली म्हणून जे मी गुडघ्यांत दाबून धरायचे, तेच हात. त्या दोघी एकमेकींशी थट्टा करत होत्या, वाद घालत होत्या, बहुधा नवऱ्याला नावंही ठेवत होत्या. तीस-चाळीस खुणांचं ते काम नव्हतं. ती अख्खी भाषा होती आणि मी तिच्यापुढे ठार बहिरी होते.

मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय! मी सांगून टाकलं, माझाही भाऊ तुझ्यासारखाच आहे. ती एकदम पुढे सरकली. तुझी खूण काय करतो तो? मी मुठी कानांपासून खाली ओढून दाखवल्या. ती माझ्या कापलेल्या केसांकडे बघून खळखळून हसली. मग तिचे प्रश्न: तो दिवसभर काय करतो? त्याचा दोस्त कोण? तू इथे आलीस हे त्याला ठाऊक आहे? एकाही प्रश्नाचं मला उत्तर येईना. फॉर्म माझ्या मांडीवर होता आणि तपासणी माझीच चाललेली!

शेवटी मी म्हटलं, "मी दर आठवड्याला फोन करते. आईला सांगते, त्याला विचारलंय म्हणून सांग." हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना, म्हणून शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. दुभाषीनं ते हातांनी पुढे दिलं.

शिंपिणीनं भुवया वर केल्या. दुभाषी म्हणाली, "ती विचारतेय, काय विचारलंयस?"

"काही नाही. म्हणजे… तशी पद्धत आहे आमच्यात. खुशाली."

"ती म्हणतेय, म्हणजे विचारलंस असं सांगतेस, पण विचारत नाहीस?"

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मी पाणी प्यायले, फॉर्म उलटा केला, पुन्हा सुलटा केला. 'स्वतः विचारले का?' या रकान्यापुढे त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. निघताना तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी हौसेनं फोटो काढून घेतला: पाच जणी, दहा हात, सगळे हवेत.

परत आले ती डोक्यात किडा घेऊनच. अहवालात मी साहेबांना लिहिलं की तिथलं काम प्रामाणिक आहे, पण 'होय' खोटं आहे. उत्तर दिलंय एकानं आणि मांडलंय दुसऱ्याच्या नावावर. साहेबांनी ते तसंच पुढे पाठवलं. पण दादाचं 'हो म्हणालाय' मला सुखानं बसू देईना. त्याचं 'हो' तरी कुणाचं होतं?

खैतानला आमच्या मागच्या गल्लीत कोकणातले सुतार एकत्र राहायचे, आठ-नऊ जण एका फ्लॅटमध्ये. त्यातले एक आमच्या शेजारच्या वाडीचे. वडीलधारे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. दोन वर्षांनी एकदा घरी जायचे आणि येताना आईनं दिलेलं कुळथाचं पीठ, आमसुलं घेऊन यायचे. पुडकं दारात ठेवून दरवेळी म्हणायचे, "भावानं इचारलान हां तुमाला." मी म्हणायचे, हो का, बसा, चहा घ्या.

ते नुकतेच रजेवरून आले होते. पुडकं हातात दिलं, म्हणाले, "आणि भावानं इचारलान हां."

मी दारातच म्हटलं, "काका, काय विचारलान?"

"आँ?"

"त्यानं विचारलं म्हणता ना दरवेळी? म्हणजे नेमकं काय केलं त्यानं? हातानं करून दाखवा."

काका ओशाळले. इकडे तिकडे बघितलं, खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग कानांपासून दोन मुठी खाली ओढल्या. एक मूठ कानाला लावली, फोनसारखी, आणि ओठ भराभर हलवले, खूप वेळ. मग बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि तळहात उताणा केला.

"ह्याच करतो तो," काका म्हणाले. "दरवेळेला. मी म्हटलं, खुशाली इचारीत असंल."

ताई फोनवर एवढं बोलते, त्यात माझ्याविषयी काय बोलते? हेच विचारत होता तो. अकरा वर्षं आईच्या शेजारी बसून तिचे हलणारे ओठ तो पंधरा-पंधरा मिनिटं बघत होता, आणि शेवटी आई त्याच्याकडे वळून एवढंच करायची: वेण्या, तू, बरा? बस्स. बाकीचं सगळं कुठे जातं, असं त्याला वाटत होतं. आणि तो विचारत होता. मला, सुताराकरवी, समुद्रापलीकडे. आम्ही त्याचा प्रश्न घेऊन त्याची खुशाली करून टाकली!

त्या दिवशी मी भाजी करपवली, लेकीवर ओरडले, नवऱ्याला म्हटलं, मला गावाला जायचंय, गणपतीच्या आधी, आणि का ते विचारू नकोस. त्यानं विचारलं नाही. तिकीट काढून आणलं.

गावी पोचले तेव्हा दादा आलेलाच होता. अर्धं सामान बांधून झालेलं. भावानं मला बघून वेण्या ओढल्या, मग माझ्या मानेवरच्या आखूड केसांना हात लावून बघितला आणि तोंड वाकडं केलं. आवडले नाहीत! मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की आई म्हणाली, आधी पाय तरी धू गं.

शुक्रवारी साडेबाराला कुवेतहून नवऱ्याचा फोन आला. त्या दिवशी पाट मी मांडला, आणि भावाला माझ्यासमोर बसवलं. रिसीव्हर मानेत धरला आणि दोन्ही हात मोकळे ठेवले. नवरा म्हणाला, नळ गळतोय. मी नळ केला आणि टपटप केली. नवरा म्हणाला, लेक भाजी खात नाही. मी लेकीएवढी उंची दाखवली, गाल फुगवले, ताट सरकवलं. नवरा म्हणाला, तुझ्याशिवाय घर खायला उठतं. ते कसं करायचं मला येईना, म्हणून दोन रिकामे हात दाखवले आणि भोवती बघितलं. भावाला कळलं. भाऊ आधी थक्क झाला, मग मांडीवर थापा मारून हसायला लागला. एवढंच? एवढंच बोलता तुम्ही? नळ? भाजी? त्याला वाटत असणार, केवढं काय काय चाललंय त्या तारेतून.

फोन ठेवला आणि मी खरा प्रश्न काढला. दादासाठी मी विमानातच मोठं भाषण तयार करून ठेवलं होतं: याच्या मर्जीशिवाय याला कुठेही नेता येणार नाही, घर बंद होणार नाही, मी बघते काय करायचं ते. भावासमोर मी दोन कागद ठेवले. एक वसतिगृहाचं पत्रक आणि दुसरा शिंपिणीचा फोटो. फोटोतल्या हातांकडे तो बघतच राहिला. कानावर आडवा तळवा धरला. ही? मी मान हलवली. ही पण? ही पण. सगळ्या? सगळ्या. मग त्यानं पत्रक उचललं, त्यातल्या माणसांवर एकेक करून बोट ठेवलं आणि प्रत्येकाला तळवा कानावर नेऊन विचारलं. मी प्रत्येकाला हो म्हटलं. ओटीवरून त्यानं अंगण बघितलं, माड बघितले, बराच वेळ. मला वाटलं, झालं, नको म्हणणार.

त्यानं पत्रकातल्या माणसांवर बोट ठेवलं. मग छातीवर. मग दोन्ही हात वर करून बोटं हलवली, फोटोतल्यासारखी, कशीही, अर्थ नसलेली. तोंडभर हसला.

त्याला जायचं होतं.

खरं सांगते, त्यानं नको म्हणावं असंच मला हवं होतं. मला त्या ओटीवर तो हवा होता, पाट मांडून बसलेला, मी फोन करेन तेव्हा. माझं भाषण त्याच्यासाठी नव्हतंच, माझ्या घरासाठी होतं. दादाचं 'हो' बरोबर निघालं, धड न विचारता बरोबर निघालं, याचा राग तर इतका आला की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. पण विचारायचं म्हणजे मग ऐकायचंही. गणपती झाल्यावर आम्ही कडी घातली, कुलूप लावलं, आणि तो एसटीत खिडकीपाशी बसला. मागे वळून बघत होते ती मी.

त्यानंतरचे शुक्रवार फार वाईट गेले. आई डोंबिवलीहून बोलायची आणि पाठीमागे टीव्ही चालू असायचा. ओटीवरचा फोन बंद झाला होता, तरी एकदोनदा मी तो नंबर फिरवला. का, ते विचारू नका. वसतिगृहात फोन करून काय करणार? तिथल्या बाई म्हणायच्या, मजेत आहे, लिहायला शिकतोय, खूप बडबडतो. बडबडतो! मी फोन ठेवून रडायचे, कारण ती बडबड मला ऐकायची होती आणि मला ती येत नव्हती.

आम्ही कुवेतमध्येच, एगैलाला, मोठ्या घरात राहायला गेलो. लेक शाळेत जाऊन इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. अशाच एका शुक्रवारी, दहाच्या सुमारास, मी ओट्यापाशी कणीक मळत होते आणि टेबलावरचा मोबाइल वाजला. अनोळखी, भारतातला नंबर. हात कणकेचे, म्हणून लेकीला म्हटलं, बघ गं.

तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज होता. शेवटी त्यानं स्वतःची खूण लिहिली होती, जशी जमेल तशी: कान.

"हू इज इट, आई?"

"मामा," मी म्हटलं. "मामानं विचारलंय."

"व्हॉट डिड ही आस्क?"

एवढी सरळ गोष्ट, पण मला अकरा वर्षं सुचली नव्हती. मी डोळे दंडाला पुसले आणि तिला वाचून दाखवलं.

"जेवलीस का, म्हणून."